प्रत्येक इमारत ही टाकीच असते

स्थापत्यशास्त्र हे माणसाच्या निवाऱ्याचं शास्त्र आहे, आणि प्रत्येक वास्तूचा तिची जागा, तिची माती आणि तिच्यात वावरणारी माणसं ध्यानात घेऊन स्वतंत्र विचार व्हायला हवा. हे मी कॉलेजात चार वर्षं ऐकलं होतं. उपासनी सरांनी ते माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, बशीतला चहा संपायच्या आत निकालात काढलं.

"दाबके, प्रत्येक इमारत ही मुळात टाकीच असते," ते म्हणाले.

मी मान डोलावली. पहिला दिवस होता. समोरच्या पंख्याकडे बघूनही मी मान डोलावत होतो.

"घर म्हणजे काय?"

"टाकी?"

"माणसं भरलेली टाकी. एस.टी.चा थांबा?"

मी पुन्हा पंख्याकडे बघितलं.

"अरे, एक बाजू काढलेली टाकी! बरं, शाळेची खोली?"

"पोरं भरलेली टाकी."

"जमेल तुला," सर म्हणाले आणि त्यांनी संगणकावरचा, त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, विणलेला झालरीचा रुमाल बाजूला केला.

तालुक्याच्या गावी, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर उपासनी सरांचं सल्लागार अभियंत्याचं ऑफिस होतं. तिथं एक संगणक होता, आणि त्या संगणकात एकच पत्रक होतं. सरांनी उमेदवारीच्या काळात एका गावासाठी पाण्याची टाकी काढली होती, तिचं हे गणिती पत्रक. आधी हातानं मांडलेलं, मग संगणक आल्यावर रकान्यारकान्यानं आत घातलेलं. ती टाकी अजून उभी होती आणि गळत नव्हती. आमच्या भागात हे दोन्ही एकाच टाकीच्या बाबतीत सहसा घडत नसे. त्यामुळे सरांचा त्या पत्रकावर जो विश्वास बसला, तो कशानंही हलेना.

"पिवळे रकाने आपले," सर म्हणाले. "लांबी, रुंदी, पाण्याची उंची, माती कशी आहे, साठवायचा पदार्थ कोणता. हे बदलायचं. पांढऱ्या रकान्यांना हात लावायचा नाही. ते शास्त्र आहे."

"पण लावायचाच झाला तर?"

"लागणारच नाही. कुलूप आहे. परवलीचा शब्द मी विसरलो."

बाईंची जन्मतारीख आणि लग्नाची तारीख, दोन्ही त्यांनी घालून पाहिल्या होत्या. यांतली एकही तारीख त्यांना नक्की आठवत नसल्यामुळे परवलीचा शब्द चुकला की तारीख, हे कधीच कळलं नाही. बाईंना विचारायची सोय नव्हती.

त्या पत्रकातून सरांनी मंगल कार्यालय काढलं होतं, स्मशानातली शेड काढली होती, गावाची स्वागतकमान काढली होती. कमान म्हणजे दोन उभ्या टाक्या आणि वर एक आडवी. चौकातल्या पुतळ्याला त्यांनी साठवायचा पदार्थ म्हणून 'ब्राँझ' घातलं होतं. यातलं काहीही पडलं नव्हतं. पाण्याच्या हिशेबानं बांधलेली स्वागतकमान पडायला भूकंपालाही रजा काढून यावं लागलं असतं. फक्त प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या पानावर, पांढऱ्या रकान्यात, एक वाक्य आपोआप छापून येई: 'वरील टाकी सुरक्षित आहे.' पुतळ्याच्या अहवालातही ते होतं. पुतळ्याच्या समितीनं त्याला हरकत घेतली नव्हती. तिथवर कुणी वाचलंच नव्हतं.

मी लागून वर्षही झालं नसेल, तेव्हा आंबेखिंडच्या शालनताई जगदाळे जिना चढून आल्या. गावच्या वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. उंच, सडपातळ, पदर खोचलेला, आणि बोलताना समोरच्या माणसाकडे असं बघत की आपण पुस्तक परत करायचं विसरलोय की काय, असं वाटावं.

"साहेब, वाचनालयाला इमारत मंजूर झालीय," त्या म्हणाल्या. "आराखडा आणि गणित तुमच्याकडून घ्यायचं ठरलंय."

"आता कुठं आहे वाचनालय?" सरांनी विचारलं.

"जनावरांच्या दवाखान्यात."

सरांनी मान वर केली.

"म्हणजे मागच्या खोलीत," शालनताई म्हणाल्या. "डॉक्टर मंगळवारी येतात, त्या दिवशी आम्ही बंद ठेवतो. जनावर अडकवायचा खोडा अगदी दारातच आहे, वाचक आणि जनावर एका वेळी आत जाईनात. बाकीचे दिवस फिनेलचा वास सोडला तर बरं आहे. गेल्या महिन्यात एका म्हशीनं खिडकीतून तोंड घालून प्रवासवर्णन खाल्लं."

"सगळं?"

"हिमालयापर्यंत."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"दाबकेसाहेब, हसायला मलाही येतं, पण ते घरी गेल्यावर. पंचायतीनं ठराव केलाय. मार्चअखेर वाचनालय स्वतःच्या इमारतीत गेलं नाही, तर पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयात जमा करायची आणि आमचं बंद. तिथं ती तळघरात जातील. मी बघून आलेय ते तळघर. भिंतींना हात लावला तर हात ओला होतो." त्या सरांकडे वळल्या. "मला मोठं काही नको, साहेब. रंग नसला तरी चालेल. फक्त कोरडी जागा द्या."

"कोरडी," सर म्हणाले आणि पिवळ्या रकान्यांकडे बघत राहिले.

त्या गेल्यावर मी धीर करून म्हटलं, "सर, हे वाचनालयाचं मी स्वतंत्र करू का? साधी खोली आहे. तुळया, खांब, छत. पुस्तकात दिलंय तसं."

"कर की," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पोराला गरम तव्याला हात लावू देणाऱ्या बापासारखे ते शांत होते.

मी आठवडाभर बसून ते गणित केलं. चार पानांत आटोपलं. खिडक्या होत्या, दारं होती, उजेड कुठून येईल याचा विचार होता. मी ते तपासणी शाखेत घेऊन गेलो. तिथले उपअभियंता शिरसाट साहेब हे नियमाला धरून चालणारे गृहस्थ होते. नियम थांबला की तेही थांबत. त्यांनी चारही पानं उलटली, पालथी करून मागची बाजू बघितली.

"पाण्याची उंची कुठंय?"

"साहेब, वाचनालय आहे."

"ते वरच लिहिलंय. मला वाचता येतं. पाण्याची उंची कुठंय?"

"वाचनालयात पाणी नसतं, साहेब."

"मग शून्य लिहा. रिकामं कशाला ठेवता? रिकाम्या रकान्यावर मी सही कशी करू? उद्या कुणी विचारलं, की शिरसाट, उंची काय होती, तर मी काय सांगू?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "आणि उपासनींच्या ऑफिसचा नमुना हा नव्हे. त्यांच्या अहवालात शेवटी एक वाक्य असतं. ते वाक्य बघितल्याशिवाय मी आजवर सही केलेली नाही."

"वरील टाकी सुरक्षित आहे?"

"हां, तेच."

पुतळ्याचा अहवाल शेवटपर्यंत वाचणारा एक माणूस होता तर.

मी परत आलो. सरांनी खुर्ची सरकवून संगणकासमोर जागा करून दिली. मी लांबी घातली, रुंदी घातली, आणि पाण्याची उंची शून्य घातली. पत्रकभर चूक दाखवणाऱ्या जाळीच्या खुणा उमटल्या. कुठल्याशा पांढऱ्या रकान्यात त्या उंचीनं भागाकार होत होता, आणि कुलपामुळे तो रकाना कुणाला सापडणार नव्हता.

"शून्य चालत नाही त्याला," सर म्हणाले. "रिकाम्या टाकीचं गणित कशाला करायचं? हे बघ. पुस्तकांच्या कपाटांचं वजन चौरस मीटरला एक टन धरतात. बरोबर?"

"बरोबर."

"आणि एक मीटर उंच पाण्याचं वजन चौरस मीटरला किती?"

"एक टन."

"मग भांडतोस कशाला? पुस्तकं म्हणजे काय? वाळलेलं पाणी." त्यांनी पाण्याच्या उंचीपुढे 'एक' घातला आणि साठवायच्या पदार्थापुढे, एका एका बोटानं, 'पुस्तके' असं लिहिलं.

खरं सांगतो, हिशेब चोख होता. मला त्यात आजही चूक काढता येत नाही.

पत्रकानं क्षणात सगळं काढून दिलं. लोखंड, सिमेंट आणि भिंतींची जाडी तर दिलीच, सामानाची यादीही दिली. त्यात पाणी आत येण्याचा पाइप होता, जास्तीचं पाणी बाहेर जाण्याचा पाइप होता, भिंतीवर रंगवायची पातळीपट्टी होती. एक मीटर पाणी आणि त्यावर थोडी सोडलेली जागा, एवढ्या उंचीपर्यंत भिंतीला एकही भोक नव्हतं. त्यामुळे दार त्याच्या वर. बाहेरून पायऱ्या चढायच्या, उंबरा ओलांडायचा, आतून पायऱ्या उतरायच्या. खिडक्या त्याहून वर. शेवटी ते वाक्य. शिरसाट साहेबांनी ते बघितलं आणि सही केली.

पाटोळे नावाच्या कंत्राटदारानं काम घेतलं. मी साइटवर जाऊन त्याला म्हटलं, "अहो पाटोळे, ते पाइप नाही बसवलेत तरी चालेल हं."

"कागदात हायत का?"

"आहेत."

"मग बसणार. कागदात हाय ते बांधायचं, नाय ते बांधायचं नाय. नायतर बिल आडतंय." त्यानं दोन्ही पाइप बसवले. वाईट काम करणारा कंत्राटदार लाभला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पाटोळे नेमका प्रामाणिक निघाला.

मार्च अर्धा सरला तेव्हा इमारत उभी होती. गावातली म्हातारी माणसं पायऱ्या चढून, उंबऱ्यावर क्षणभर दम खाऊन, पलीकडे उतरून बघून येत. "विहिरीत उतरल्यावानी वाटतंय, पण गार हाय," असा निकाल मिळाला. शालनताईंनी आत येऊन सगळ्या भिंतींना तळहात लावून पाहिला आणि पदराला पुसला. हात कोरडाच होता. सवय.

ताबा द्यायच्या दिवशी शिरसाट साहेब आले. त्यांच्या मागोमाग पाण्याचा टँकर आला.

"हे काय?" शालनताईंनी विचारलं.

"गळती चाचणी," शिरसाट म्हणाले. "टाकी मंजूर उंचीपर्यंत भरायची, आठवडाभर तशीच ठेवायची, पातळी किती उतरते बघायची. त्याशिवाय ताबा नाही."

"कुठली टाकी?"

त्यांनी वाचनालयाकडे बोट केलं.

टँकर बघून गावातल्या बायका घागरी घेऊन यायला लागल्या होत्या. त्यांना वाटलं, पाणी आपल्यासाठी आहे. ते वाचनालयासाठी आहे हे कळल्यावर त्या गेल्या नाहीत. उलट आणखी आल्या.

"साहेब," सर घाम पुसत म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या ती टाकीच आहे, पण व्यवहारात..."

"उपासनी, तुमचंच वाक्य आहे शेवटच्या पानावर."

"आहे."

"मग ते खरं आहे का खोटं?"

सरांनी पुन्हा घाम पुसला. कुलूपबंद रकान्यातलं वाक्य खोटं म्हणणं त्यांना शक्य नव्हतं, कारण मग टाकी, कमान आणि पुतळा, सगळंच आलं.

"शिरसाटसाहेब," शालनताई म्हणाल्या. "नव्या भिंती आहेत. आज पाणी भरलंत तर त्या वाळायला दिवाळी उजाडेल. मार्चअखेर मी पुस्तकं कुठं ठेवू? तळघरात?"

"बाई, मला पुस्तकांचं काही सांगू नका. मला चाचणीचं सांगा."

"द्या मग, ती चाचणीच द्या वाचायला."

त्यांनी मंजुरीचा कागद घेतला, चष्मा लावला, आणि पायरीवर बसून वाचायला लागल्या. टँकरचा ड्रायव्हर नळी आत सोडून वाट बघत उभा होता. सगळं गाव वाट बघत होतं. त्या प्रस्तावनेपासून वाचत होत्या.

"इथं लिहिलंय," त्या शेवटी म्हणाल्या, "'टाकी मंजूर पदार्थाने मंजूर उंचीपर्यंत भरून'. बरोबर?"

"बरोबर."

"मंजूर पदार्थ कोणता?"

शिरसाट साहेबांनी पान उलटलं. मग परत उलटलं.

"पुस्तके," ते म्हणाले.

"मग पाणी कशाला आणलंत?"

मी शिरसाट साहेबांकडे बघत होतो. मला वाटलं, ते चिडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर मोठी सुटका दिसली. आपण नियमाबाहेर जाता जाता वाचलो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी टँकरला हात केला. "चूक झाली. नळी काढ."

टँकर पन्नास पावलं मागे गेला आणि बायकांनी तो तिथंच रिकामा केला.

दुपारभर दवाखान्यातून पुस्तकं येत राहिली. पण गावचं वाचनालय ते. सगळी जमीन एक मीटर झाकायला निम्म्या जिल्ह्याची पुस्तकं लागली असती. इथं उपासनी सरांनी आपली बाजू सावरली. "मोठ्या टाकीला कप्पे असतात," ते म्हणाले. "एक कप्पा तपासला की बाकीचे तसेच धरतात. नियमात आहे." शिरसाट साहेबांनी नियम काढून बघितला. होता. मग पातळीपट्टीपुढे चार कपाटं उभी करून चौक केला आणि त्यात पुस्तकं रचली. तळाला पंचांगं आणि शासकीय अहवाल, वर कादंबऱ्या. शिरसाट साहेबांनी पट्टीवर नजर समांतर धरून, एक डोळा मिटून, वरच्या पुस्तकाची पातळी नोंदवली: एक मीटर.

"कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

मध्यंतरी ते एकदा अचानक पातळी बघायला आले. अर्धा तास आत होते. शालनताई बाहेर पायरीवर बसून होत्या. किल्ली त्यांच्याकडे होती आणि त्या आठवड्यात त्यांनी ती गळ्यात घातली होती.

आठवडा भरला. आम्ही सगळे आत उतरलो. शिरसाट साहेबांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला.

"पातळी उतरलीय," ते म्हणाले. "बोटभर."

सरांनी स्वतः वाकून पट्टी बघितली. त्यांच्या आयुष्यात त्यांची एकही टाकी गळली नव्हती.

"म्हणजे नापास?" मी विचारलं.

"गळती आहे, तर नापासच."

"शिरसाटसाहेब," शालनताई म्हणाल्या, "मागच्या खेपेला तुम्ही पातळी बघायला आलात, तेव्हा वरची एक रहस्यकथा काखेत मारून नेलीत. मी बाहेर बसले होते. मला वाटलं, तो चाचणीचा भाग असेल."

शिरसाट साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"वाचून झाली नाही अजून," ते म्हणाले.

"खुनी सांगू?"

"नको, नको!" मग त्यांनी पेन काढलं आणि अहवालात, आम्हां सगळ्यांना ऐकू येईल असं पुटपुटत लिहिलं: "पातळीतील घट, बाष्पीभवनामुळे. मर्यादेत."

सर त्या दिवशी साइटवरून चालत एस.टी.पर्यंत आले. एरवी ते रिक्षा करत. वाटेत मला म्हणाले, "बघितलंस? थेंब गळला नाही."

मार्च संपायच्या आत वाचनालय नव्या जागेत लागलं. उद्घाटनाला मी गेलो तेव्हा एक गोष्ट नजरेत आली. सगळ्या कपाटांचे खालचे कप्पे मोकळे होते. पुस्तकं सुरू होत होती ती माझ्या छातीपासून वर.

"खाली का नाही लावलीत?" मी विचारलं.

"कागदावर एक मीटर पाणी लिहिलंय ना," शालनताई म्हणाल्या. "असू दे."

"अहो, ते फक्त गणितासाठी आहे."

"हो हो, गणितासाठीच. पण सही आहे त्यावर."

मी हसलो. कॉलेजात शिकलेला माणूस होतो मी.

वर्षभरानं जिल्ह्याच्या पाणीयोजनेवर कुणी नवे साहेब आले. त्यांनी सगळ्या गावांतल्या टाक्यांची माहिती एकत्र मागवली. आंबेखिंडला उत्तम स्थितीतली, चाचणी झालेली, पाइप बसवलेली एक टाकी आढळली, जिला आजवर कुणी पाणीच जोडलं नव्हतं. साहेबांनी वर्षभराच्या बेपर्वाईबद्दल कडक शेरा मारला आणि जोडणीचा हुकूम दिला. माणसं आली, बाहेरच्या पाइपाला पाइप जोडला आणि गेली. आत काय आहे हे बघायचं काम त्यांच्याकडे नव्हतं.

शालनताईंचा निरोप आला तसे सर आणि मी निघालो. पायऱ्या चढून उंबऱ्यावर उभे राहिलो. खाली पाणी होतं. स्वच्छ, निवांत, खिडकीतला उजेड तळापर्यंत गेलेला. पातळीपट्टीवर ते बरोबर एक मीटरवर थांबलं होतं, आणि जास्तीचं पाणी दुसऱ्या पाइपातून शिस्तीत बाहेर जात होतं. पाण्याच्या वर सगळ्या बाजूंनी पुस्तकं होती. एकही भिजलं नव्हतं. पाण्यात त्यांच्या उलट्या ओळी दिसत होत्या.

"अप्रतिम," सर हळूच म्हणाले.

शालनताई साडी वर खोचून कमरेभर पाण्यात उभ्या होत्या आणि वरच्या कप्प्यातली पुस्तकं एक एक करून दाराशी देत होत्या. बाहेर बायकांची रांग लागली होती. एका हातात घागर आणि दुसऱ्या हातात पुढं सरकवायचं पुस्तक.

"ताई, पाणी बंद करायला लावू का?" मी विचारलं. "मी आत्ता जाऊन बोलतो शाखेत."

त्यांनी रांगेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आंबेखिंडला घरात पाणी कधीच आलेलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. त्यांना आठवावं लागलं नसावं.

"धरा हे," त्या म्हणाल्या आणि प्रवासवर्णन माझ्या हातात दिलं. हिमालयापर्यंतची पानं नव्हती.

मी नंतर दोनदा नव्या वाचनालयाचा प्रस्ताव पाठवला. दोन्ही वेळा उत्तर आलं की आंबेखिंडला वाचनालय मंजूर होऊन पूर्ण झालेलं आहे. शिरसाट साहेब निवृत्त झाले. उपासनी सर गेले, आणि परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला. ते पत्रक आता माझ्याकडे आहे, आणि पिवळे रकाने मी भरतो.

आंबेखिंडचं सार्वजनिक वाचनालय मंगळवार सोडून रोज उघडं असतं. मंगळवारी जनावरांचे डॉक्टर येतात.